ल्युपस आणि कर्करोग : भीती किती, धोका किती?

शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटल्यामुळे जे विकार उद्भवतात, त्यांत ल्युपस हा सर्वांत बहुरूपी म्हणावा लागेल. कोणाच्या गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उमटतो, कोणाचे सांधे धरतात, कोणाचे केस मुठीमुठीने गळतात; तर कोणाच्या मूत्रपिंडांतून प्रथिने झिरपू लागतात आणि पाय सुजेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. दर १० रुग्णांमागे साधारण ९ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेक जणींना हा विकार १५ ते ४५ या वयात गाठतो. शिक्षण, नोकरी, विवाह, मातृत्व या साऱ्यांच्या ऐन मध्यावर आलेला हा पाहुणा पुढे आयुष्यभर मुक्काम ठोकतो.

विकार आटोक्यात आला, गोळ्यांची सवय झाली, की अशा रुग्णांच्या मनात हळूहळू एक नवी शंका डोके वर काढते. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद कोणी तरी उलगडून वाचतो आणि त्यात ‘लिम्फोमा’ किंवा ‘कर्करोग’ हा शब्द सापडतो. मग प्रश्न उभा राहतो : ल्युपस झालेल्याला कर्करोगही होतो का? आणि होत असेल, तर तो आजारामुळे की औषधामुळे? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. त्याचे चुकीचे उत्तर मनाशी धरून औषध परस्पर बंद करणारे रुग्ण आहेत आणि त्याची किंमत मूत्रपिंडाने चुकवावी लागते.

गंमत अशी, की अर्ध्या शतकापूर्वी हा प्रश्न कोणाला फारसा पडतच नव्हता. व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ मॉरिट्झ कापोसी यांनी १८७२ साली ल्युपस हा केवळ कातडीचा रोग नसून तो सर्वांगाला ग्रासू शकतो, हे दाखवून दिले. योगायोग असा, की त्याच वर्षी त्यांनी त्वचेवरील एका वेगळ्याच अर्बुदाचे वर्णन केले आणि ते आजही ‘कापोसी सार्कोमा’ या नावाने ओळखले जाते. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना गाठणारा हा कर्करोग. म्हणजे आजच्या चर्चेची दोन्ही टोके एकाच माणसाच्या लेखणीतून एकाच वर्षी कागदावर उतरली होती. ती जोडण्याइतके आयुष्य मात्र तेव्हाच्या रुग्णांना लाभत नव्हते. १९४८ साली अमेरिकेत माल्कम हारग्रेव्हज यांनी ल्युपसची विशिष्ट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखली, पाठोपाठ स्टेरॉइड औषधे आली. तरीही १९५५ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील रुग्णांचा जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यानुसार निदानानंतर चार वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात होते. आज चांगले उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात आणि पुष्कळ जण म्हातारपण पाहतात. कर्करोग हा मुख्यतः वाढत्या वयाचा रोग. तेव्हा ल्युपसच्या रुग्णांत त्याची चर्चा होऊ लागली, ही एका अर्थाने त्यांच्या लांबलेल्या आयुष्याचीच खूण आहे.

आकडे काय सांगतात?

या विषयावरचे सर्वांत मोठे काम कॅनडातील डॉ. साशा बर्नाट्स्की आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी केले. ल्युपस हा विरळा रोग असल्यामुळे एकट्या रुग्णालयातील नोंदींवरून कर्करोगाबद्दल काही ठामपणे सांगणे अशक्य होते. भारतात १९९३ साली दिल्लीजवळच्या लोकवस्तीत झालेल्या पाहणीत तर लाखामागे जेमतेम तीन रुग्ण आढळले होते. म्हणून अनेक केंद्रांनी आपापले रुग्ण एकत्र मोजायचे ठरवले. २००५ साली ९,५४७ रुग्णांचा पहिला अहवाल आला आणि २०१३ साली ३० केंद्रांतील १६,४०९ रुग्णांचा. एकेका रुग्णावर सरासरी सात वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले गेले होते. त्यांत एकूण ६४४ जणांना कर्करोग झाला. त्याच वयाच्या, त्याच देशांतील सर्वसामान्य माणसांत जितके कर्करोग अपेक्षित होते, त्याहून हे प्रमाण १४ टक्क्यांनी अधिक भरले.

१४ टक्के म्हणजे नेमके किती, हे समजून घेण्यासाठी हिशेब उलगडून पाहावा लागतो. या रुग्णांच्या निरीक्षणाची सारी वर्षे एकत्र मोजली, तर ती १,२१,२८३ भरतात. या अवधीत सर्वसामान्यांत सुमारे ५६५ कर्करोग झाले असते. प्रत्यक्षात झाले ६४४. म्हणजे जादा सुमारे ८०. दुसऱ्या शब्दांत, दीड हजार ल्युपसग्रस्तांवर वर्षभर लक्ष ठेवले, तर त्यांच्यात नेहमीपेक्षा साधारण एक कर्करोग अधिक आढळेल. धोका खरा आहे, त्याची नोंद घ्यायलाच हवी. पण ज्या प्रमाणात तो रुग्णांच्या मनात घर करून बसतो, त्या प्रमाणात तो नाही. यातील बहुसंख्य रुग्ण उत्तर अमेरिका आणि युरोपमधले होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. आपल्याकडे कर्करोगांचा एकूण नकाशाच वेगळा असल्याने हे आकडे जसेच्या तसे उचलून मुंबई-पुण्याला लावता येत नाहीत. दिशा मात्र त्यांवरून कळते.

ही दिशा एकसारखी नाही, हे या अभ्यासाचे खरे सार आहे. ‘कर्करोगाचा धोका १४ टक्क्यांनी वाढतो’ हे वाक्य बरोबर असूनही काहीसे फसवे आहे, कारण ती निव्वळ सरासरी आहे. काही कर्करोग कित्येक पटींनी वाढलेले दिसतात, काही थोडे वाढलेले, काही चक्क कमी.

सर्वांत ठळक वाढ लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची. त्यातील नॉन-हॉजकिन्स या प्रकाराचे प्रमाण ल्युपसग्रस्तांत सर्वसामान्यांच्या चौपटीहून थोडे अधिक आढळले. ‘चौपट’ हा शब्द कानी पडताच छातीत धस्स होते. पण चौपट कशाची, हे विचारणे अगत्याचे असते. तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांत हा रोग मुळात फार क्वचित होतो. क्वचित घडणारी गोष्ट चौपट झाली, तरी ती बहुतांश जणींच्या वाट्याला येत नाही. शंभरातील चार-पाच रुग्णांना ल्युपसपायी लिम्फोमा होतो असा अर्थ कोणी त्यातून काढत असेल, तर तो साफ चुकीचा आहे.

लिम्फोमाच का, याचे उत्तर ल्युपसच्या स्वभावात आहे. रक्तातील ‘बी’ पेशी प्रतिपिंडे तयार करतात. बाहेरच्या जंतूंना ओळखून त्यांना खिळवून ठेवणे, हे या प्रतिपिंडांचे काम. ल्युपसमध्ये या पेशींना शत्रू आणि स्वकीय यांतला भेद कळेनासा होतो आणि त्या शरीराच्या स्वतःच्या पेशींमधील जनुकद्रव्याविरुद्धच प्रतिपिंडे काढत बसतात. जंतूंची लढाई पंधरवड्यात संपते, ही मात्र कधीच संपत नाही. कारण शत्रू म्हणून ज्याला धरले, तो कायम घरातच असतो. परिणामी ‘बी’ पेशी वर्षानुवर्षे चेतवलेल्या राहतात, सतत विभागत राहतात. पेशी जितक्या वेळा विभागते, तितक्या वेळा तिच्या जनुकांची नक्कल होते आणि प्रत्येक नकलेत चुकीला वाव राहतो. अशीच एखादी चूक नेमक्या जागी झाली, की पेशी बेलगाम वाढू लागते. ल्युपसच्या रुग्णांत आढळणारा लिम्फोमा बहुधा या ‘बी’ पेशींचाच असतो. ज्यांनी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कधीच घेतली नव्हती अशा रुग्णांतही तो आढळतो, यावरून सारा दोष औषधांच्या माथी मारता येत नाही हे स्पष्ट होते. ल्युपसच्या जोडीला डोळे आणि तोंड कोरडे पाडणारा श्योग्रेन विकार असेल, तर लाळग्रंथींच्या न ओसरणाऱ्या सुजेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्या विकारात लिम्फोमाची शक्यता स्वतंत्रपणेच अधिक असते.

दोष औषधांचा किती?

औषधांना संपूर्ण निर्दोष ठरवणेही सत्याला धरून होणार नाही. मूत्रपिंडाच्या गंभीर ल्युपसमध्ये अनेक वर्षे वापरले गेलेले सायक्लोफॉस्फमाइड हे मुळात कर्करोगावरचे औषध. ते वेगाने विभागणाऱ्या पेशी मारते, पण त्याच वेळी चांगल्या पेशींच्या जनुकांनाही इजा करते. शरीरात त्याचे विघटन होताना ॲक्रोलिन नावाचा दाहक पदार्थ तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडतो आणि मूत्राशयाच्या अस्तराला जाळतो. त्यामुळे लघवीतून रक्त जाणे हा त्याचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आणि मूत्राशयाचा कर्करोग हा त्याच वाटेवरचा पुढचा धोका. तो औषध थांबल्यानंतर कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. म्हणूनच ऐन विशीत हे औषध घेतलेल्या स्त्रीने चाळिशीत नव्या डॉक्टरांकडे जाताना जुन्या फायलीतला तो कागद बरोबर न्यायला हवा. लघवीत वेदनेविना दिसलेले रक्त तिच्या बाबतीत ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून सोडून देण्यासारखे नसते.

तथापि इथेही मात्रेचा प्रश्न निर्णायक आहे. पूर्वी या औषधाच्या गोळ्या महिनोन्‌महिने रोज दिल्या जात किंवा मोठ्या मात्रेची इंजेक्शने दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी दोन-अडीच वर्षे चालत. २००२ साली युरोपातील डॉक्टरांनी एक वेगळी पद्धत पुढे आणली : दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅम, अशी फक्त सहा इंजेक्शने. एकूण मात्रा अवघी ३ ग्रॅम. मूत्रपिंड वाचवण्याच्या बाबतीत ही पद्धत जुनीच्या तोडीस तोड ठरली आणि विषारीपणाचे ओझे कमी झाले. आता अनेक रुग्णांत सायक्लोफॉस्फमाइडऐवजी मायकोफिनोलेट वापरले जाते. त्यालाही लिम्फोमा आणि त्वचेच्या कर्करोगाचा इशारा जोडलेला आहे. पण तो मुख्यतः अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांच्या अनुभवावरून आलेला. परका अवयव टिकवण्यासाठी त्यांना एकाच वेळी अनेक औषधे कायम घ्यावी लागतात. ल्युपसच्या रुग्णांची स्थिती तशी नसते.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था कर्करोगजनक गोष्टींची एक यादी ठेवते. तिच्या पहिल्या गटात सायक्लोफॉस्फमाइड आहे आणि ॲझाथायोप्रिन हे ल्युपसमध्ये सर्रास दिले जाणारे औषधही आहे. इंटरनेटवर ही यादी पाहून अनेकांची झोप उडते. पण ही यादी एखाद्या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती पक्का आहे, एवढेच सांगते. तो किती जणांना होईल हे सांगत नाही. त्याच गटात तंबाखू आहे, मद्य आहे आणि सूर्यप्रकाशही आहे. ॲझाथायोप्रिनच्या कागदाने घाबरून जाणारा पण दुपारच्या उन्हात उघड्या डोक्याने फिरणारा आणि वर सिगारेट ओढणारा ल्युपसचा रुग्ण धोक्यांची उतरंड उलटी लावून बसलेला असतो.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहिले पाहिजे. उपचार न केलेला मूत्रपिंडाचा ल्युपस काही वर्षांतच मूत्रपिंडे निकामी करतो. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. आणि प्रत्यारोपण झाले, की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घेणे आलेच. म्हणजे कर्करोगाच्या भीतीने आज जे औषध सोडले, त्याच जातीची औषधे उद्या अधिक मात्रेत, अधिक काळ घ्यावी लागण्याची वेळ येऊ शकते. त्याशिवाय धुमसत राहिलेला दाह ‘बी’ पेशींना चेतवत राहतो तो वेगळाच.

या सगळ्यांत एक औषध मात्र रुग्णाच्या बाजूने उभे असल्यासारखे आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे मलेरियावरचे औषध. त्यामुळे ल्युपसचे उद्रेक कमी होतात, स्टेरॉइडची गरज घटते आणि ते घेणाऱ्या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण कमी असल्याचे काही निरीक्षणांत दिसले आहे. हा शेवटचा मुद्दा अद्याप सिद्ध झालेला नाही; पण ते कर्करोग वाढवते असे म्हणायला आधार नाही, एवढे खात्रीने म्हणता येते. त्याचा खरा दोष डोळ्यांच्या पडद्याशी निगडित आहे. म्हणून मात्रा वजनाप्रमाणे, किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतपासणी करतात. २०२० साली करोनावरचा तोडगा म्हणून हेच औषध लोकांनी दुकानांतून उचलून नेले, तेव्हा ज्यांचे रोजचे आयुष्य त्यावर अवलंबून होते ते ल्युपसचे रुग्ण एका पाकिटासाठी दुकाने पालथी घालत होते, याची आठवण अजून ताजी आहे.

गर्भाशयमुखाचा प्रश्न

आपल्याकडच्या स्त्रियांच्या दृष्टीने या साऱ्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आहे. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याच कर्करोगाचा क्रमांक लागतो. दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो. ह्युमन पॅपिलोमा विषाणू, अर्थात ‘एचपीव्ही’, हे त्याचे मूळ. लैंगिक संबंधांतून येणारा हा विषाणू इतका सर्वत्र पसरलेला आहे, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी तरी त्याची लागण होते आणि बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावते. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल घडू लागतात आणि त्यातून दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग उभा राहतो.

ल्युपसची स्त्री इथे दुहेरी अडचणीत सापडते. तिची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या शरीरावर अतिरेकी हल्ले करते खरी, पण विषाणूंशी लढण्यात ती अनेकदा उणी पडते. शिवाय औषधांनी ती आणखी दाबलेली असते. त्यामुळे विषाणू हटत नाही. ल्युपसच्या स्त्रियांत, विशेषतः अशी औषधे घेणाऱ्यांत, गर्भाशयमुखाचे कर्करोगपूर्व बदल अधिक प्रमाणात आढळतात. बाह्य जननेंद्रियाचा, योनिद्वाराचा कर्करोगही त्यांच्यात अधिक दिसतो आणि तोही बहुधा याच विषाणूची करामत असतो.

मात्र या कर्करोगाइतका आधी ओळखू येणारा आणि टाळता येणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल, आणि याचा पुरावा महाराष्ट्राच्याच मातीतून जगाला मिळाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा ‘एचपीव्ही’ची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांसाठी राबवलेला प्रकल्प तर त्याहून साधा. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे एका अर्थी व्हिनेगर लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते उघड्या डोळ्यांनी पाहायचे. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी ही तपासणी करीत. या गटातील मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१३ साली जाहीर झाले.

हे दोन्ही अभ्यास सर्वसामान्य स्त्रियांचे होते. ल्युपससाठी औषधे घेणाऱ्या स्त्रीला एकदा तपासून मोकळे होता येत नाही. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्त्रियांना ‘एचआयव्ही’बाधित स्त्रियांच्या बरोबरीने धरले आहे. पॅप तपासणी आधी दरवर्षी आणि सलग तीन वर्षे ती निर्दोष आली तर दर तीन वर्षांनी. आपल्याकडे प्रत्यक्षात काय घडते? संधिवाततज्ज्ञ सांधे आणि मूत्रपिंड पाहतात, त्वचारोगतज्ज्ञ चट्टे पाहतात, स्त्रीरोगतज्ज्ञांची गाठ बाळंतपणापुरती पडते. वीस वेळा रक्त तपासलेल्या बाईची पॅप तपासणी एकदाही झालेली नसते, कारण ते काम नेमके कोणाचे हे ठरलेलेच नसते. तिने स्वतः विषय काढावा, तर संकोच आड येतो. अविवाहित मुलीच्या बाबतीत तर हा विषय घरात उच्चारलाही जात नाही. हा संकोच समजण्यासारखा आहे, पण विषाणूला त्याचे सोयरसुतक नाही.

लसीबद्दलही ल्युपसच्या रुग्णांत मोठी धास्ती असते. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळायला सांगितले जाते, ते योग्यच. ‘एचपीव्ही’ची लस मात्र त्या प्रकारातली नव्हे. तिच्यात विषाणूचे फक्त बाहेरचे कवच असते, आत रोग निर्माण करणारे काही नसते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘सर्व्हावॅक’ या देशी लसीला २०२२ साली परवानगी मिळाली, तीही याच जातीची. साधारणपणे ९ ते २६ हे तिचे वय मानले जाते. परंतु प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या आणि पूर्वी लस न घेतलेल्यांना पंचेचाळिशीपर्यंत ती देण्याचा विचार करावा, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुचवले. निरोगी मुलींना आता एक किंवा दोन मात्रा पुरेशा मानल्या जातात; प्रतिकारशक्ती उणी असलेल्यांना शक्यतो तीन द्याव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ल्युपसचे निदान झालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांनी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत याला वरचे स्थान असायला हवे.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा मुद्दा त्या मानाने थोडक्यात आटोपतो. ल्युपसमध्ये तो सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. पण झालेल्यांतले बहुसंख्य धूम्रपान करणारे होते. आपल्याकडे स्त्रिया सिगारेट कमी ओढत असल्या, तरी मिश्री आणि तंबाखू घराघरांत आहे आणि त्यातून तोंडाचा कर्करोग आहे. ओठांवर, गालांवर, डोक्यावर जुना चकतीसारखा ल्युपसचा व्रण असेल, तर तिथे कर्करोग मूळ धरू शकतो. वर्षानुवर्षे एकाच रूपात असलेल्या व्रणात गाठ, जखम किंवा जाडसर खपली दिसू लागली, की त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो.

आता उलट बाजू. २०१३च्या त्याच अभ्यासात ल्युपसच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अपेक्षेपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तर निम्म्याहून कमी. यामागे संप्रेरकांचा वाटा असावा असा एक तर्क आहे : ल्युपसमध्ये अनेकींची पाळी लवकर जाते आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या सहसा टाळल्या जातात. दुसरा तर्क अधिक रंजक आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवले, की ल्युपसमध्ये तयार होणाऱ्या एका प्रतिपिंडात पेशीच्या आत शिरून जनुकांची दुरुस्ती रोखण्याची ताकद आहे आणि ज्या कर्करोगपेशींची दुरुस्तीयंत्रणा आधीच मोडकी असते, त्या त्यामुळे प्रयोगशाळेत मरतात. ल्युपसचे शस्त्र कर्करोगावर चालवता येईल का, याचा शोध तिथून सुरू झाला. अर्थात कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. स्तनातील गाठ ल्युपसच्या स्त्रीनेही तितक्याच तातडीने दाखवायची असते.

आजाराचा बुरखा

प्रत्यक्ष व्यवहारात डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही चकवणारी गोष्ट वेगळीच आहे. लिम्फोमाची लक्षणे कोणती? ताप, घटते वजन, थकवा, मानेत किंवा काखेत गाठी. ल्युपस उफाळून आल्याची लक्षणे कोणती? तीच. आणि आपल्या देशात तिसरा भागीदार कायम उभा असतो, तो म्हणजे क्षयरोग. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दबून राहिलेला क्षय पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा त्याचीही लक्षणे हुबेहूब हीच असतात. पेट-स्कॅनवर तिन्ही प्रकारच्या गाठी सारख्याच उजळून निघू शकतात. अशा वेळी ‘ल्युपसच वाढला असेल’ असे गृहीत धरून स्टेरॉइडची मात्रा वाढवण्याचा मोह होतो. पण स्टेरॉइडने लिम्फोमाही काही काळ आक्रसतो, रुग्णाला बरे वाटते आणि मग काढलेल्या तुकड्यात निदान सापडत नाही. म्हणून नेहमीच्या औषधांना दाद न देणारी, वाढत जाणारी गाठ आढळली, तर मात्रा वाढवण्यापूर्वी ती गाठ काढून तपासणे हाच राजमार्ग. बायोप्सीने रोग पसरतो, हा गैरसमज इथे फार महागात पडतो.

कर्करोग झालाच, तर ल्युपसच्या रुग्णाला बहुतेक उपचार इतरांसारखेच मिळतात. एक अडचण मात्र नव्या काळाने आणली. प्रतिकारयंत्रणेचे ‘ब्रेक’ सोडून तिला कर्करोगावर धावून जायला लावणारी औषधे निघाली आणि त्यामागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८चे नोबेल मिळाले. पण ज्यांचे ‘ब्रेक’ मुळातच सैल आहेत त्यांना ही औषधे दिली, तर ल्युपस उसळण्याची भीती असते. तिथे कर्करोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांना एकत्र बसूनच निर्णय घ्यावा लागतो.

याच वाटेवर उलट दिशेने आलेला एक उपचार सध्या सर्वांच्या औत्सुक्याचा विषय आहे. ‘कार-टी’ पद्धतीत रुग्णाच्याच ‘टी’ पेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकांत फेरफार करून, त्यांना ‘बी’ पेशी टिपायला शिकवले जाते आणि पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडले जाते. हा उपचार निघाला ‘बी’ पेशींच्या कर्करोगांसाठी. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ या देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली, तीही ‘बी’ पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठीच. पण बिघडलेल्या ‘बी’ पेशी हेच ल्युपसचेही मूळ असल्याने जर्मनीतील एर्लांगेन येथे २०२१ साली २० वर्षांच्या एका तरुणीवर तो वापरून पाहिला गेला. २०२२ साली पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. पाचही जणांचा ल्युपस शमला होता आणि त्यांची औषधे थांबवता आली होती.

जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारपद्धतीवर एक ठळक इशारा छापण्यास सांगितले : उपचारानंतर क्वचित काही रुग्णांत ‘टी’ पेशींचाच कर्करोग आढळला आहे. लिम्फोमाने मरणाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णाला हा धोका पत्करताना फार विचार करावा लागत नाही. रोज दोन गोळ्या घेऊन नोकरीला जाणाऱ्या पंचवीस वर्षांच्या ल्युपसग्रस्त मुलीचा हिशेब निराळा आहे, आणि म्हणूनच सध्या तरी हा उपचार इतर औषधांना दाद न देणाऱ्या गंभीर रुग्णांपुरता, तोही मुख्यतः चाचण्यांच्या चौकटीत दिला जात आहे.